दर्यापुरातला ३७ हजारांचा एसी आणि वरचे २७ हजार

दुकानाच्या पावतीवर ३७,००० रुपये होते. एसी भिंतीवर लागून नीट चालायला लागला तोवर मामांच्या वहीत ६४,२९५ रुपयांची बेरीज झाली होती, आणि त्यात विजेचं बिल धरलेलंच नव्हतं. प्रकरण २०२४च्या उन्हाळ्यातलं, दर्यापूरचं. मी अमरावतीत वायरिंगची कामं घेतो. काम घरचं असलं तरी हिशेब बाहेरच्या गिऱ्हाइकाचा ठेवतो तसाच ठेवला. आकडे लिहायला मामांची हरकत नव्हती. अट एकच, नाव यायला नको.

दर्यापूर हा अमरावती जिल्ह्यातला तालुका, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी आणि भारी, पाऊस संपला की भेगाळणारी. बोरचं पाणी खारट. अकोला आणि अमरावती, दोन्ही शहरं तासाभराच्या पुढे. माती, पाणी आणि अंतर या तिघांनी खर्च कसा वाढवला ते पुढे येईलच. मोठ्या शहरातल्या एसीच्या जाहिराती वाचून इथला अंदाज बांधणारा माणूस नेमका इथेच चुकतो.

घर मामा-मामींचं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शनवर. एकमजली स्लॅबचं घर, तीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं, पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी. उन्हाळा आजवर दोन कूलरवर निघाला. एसीचा विषय निघाला तो मामेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली म्हणून. तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. जावई तोंडाने काही बोलले नाहीत, पण मामींना कळायचं ते कळलं. आजीचं मत ठाम होतं. "कायले एवढा खर्च करतं बाप्पा? आमची बाळंतपनं काय एसीत झाली?"

आजीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. वऱ्हाडातला कूलर म्हणजे गरिबाचा एसी नव्हे. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण पाऊण युनिटाच्या जरा खाली एवढी उष्णता ओढून घेतं. मेमधली आमची कोरडी हवा पाणी अधाशासारखी पिते, त्यामुळे दोनशे वॉटचा कूलर जी हवा देतो ती मुंबई-पुण्यात कुठल्याच कूलरला जमणार नाही. खर्च दहा हजारांच्या आत, दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानात. पण दर्यापुरात या कूलरला पाणी बोरचं लागतं, कारण शहानूर धरणाचं नळाचं पाणी पिण्या-वापरण्यापुरतंच साठवावं लागतं. बोरच्या पाण्याने वाळ्याच्या ताट्यांवर महिन्याभरात पांढरा थर चढतो. मामांकडची मागच्या वर्षीची ताटी मी हातात घेतली तर ती वाकली नाही, मोडली. मिठाने पार दगड झालेली. कूलरच्या छोट्या मोटरी मामा दर मोसमाला बदलतात. वर टाकीत साचलेलं पाणी, त्यात डास, आणि खोलीतली ओल. पंधरा दिवसांच्या बाळाला त्या खोलीत ठेवायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच मामींनी ठरवलं होतं. शिवाय जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर नुसता पंखा होतो, आणि बाळ-बाळंतीण तेव्हा घरातच असणार होती.

तेव्हा एसी. प्रश्न कोणता, एवढाच.

खोली ११ बाय १३ फुटांची. एवढ्या खोलीला एक टन पुरतो असं कंपन्यांचे तक्ते सांगतात. दुकानदार म्हणाला दीड टन घ्या, आणि या वेळी दुकानदार बरोबर होता. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. आमच्याकडे ३५ अंश म्हणजे मेमधली पहाट संपल्यावरचा पहिला तास. बाहेर ४५ झालं की तेच यंत्र छापील क्षमतेपेक्षा कमी गारवा देतं. त्याच २०२४च्या मेच्या शेवटी शेजारच्या अकोला जिल्ह्यात तापमान ४५च्या वर गेलं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेसाठी कलम १४४ लावलं होतं, तेव्हा एरवी दंगलीसाठी लावायचे ते. त्यात डोक्यावर उघडा स्लॅब आणि बाजूला पश्चिमेची भिंत. एक टन सतत पूर्ण ताकदीने धावत राहिला असता आणि खोली २८च्या खाली उतरली नसती.

तीन स्टार की पाच स्टार, यावर मात्र माझं दुकानदाराशी जमलं नाही. दोन्हींच्या किमतीत ८,५०० रुपयांचा फरक होता. लेबलावर वर्षाची युनिटं छापलेली असतात, तीन स्टारवर हजाराच्या जरा खाली, पाच स्टारवर साडेसातशेच्या आसपास. दुकानदार म्हणतो वर्षाला सव्वादोनशे युनिटं वाचतील. पण तो आकडा वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. मामांचा एसी चालणार एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, मुख्यतः रात्री, आणि पुढे ऑक्टोबर हीटमध्ये थोडा. ओढूनताणून साडेसहाशे तास. म्हणजे बचत नव्वद युनिटांच्या आसपास, रुपयांत १,४०० च्या आसपास. साडेआठ हजार फिटायला सहा वर्षं. शिवाय लेबलाचा हिशेब बाहेर २४ ते ४३ अंश धरून आहे. आमचा मे त्या पट्टीच्या बाहेर जातो, त्यामुळे लेबलावरची युनिटं आमच्याकडे दोन्ही यंत्रांना कमीच पडतात. दवाखाना असेल, दुकान असेल, दिवसभर एसी चालत असेल तर पाच स्टार घ्यावाच. रात्रीपुरत्या एका खोलीला तीन स्टार ठीक, आणि उरलेले साडेआठ हजार भिंतीत घालावेत, असं मी मामांना सांगितलं. भिंतीत म्हणजे कुठे, ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

पैसे कसे द्यायचे यावर दुकानात अर्धा तास गेला. बारा हप्ते, 'शून्य व्याज', ३८,५००. रोख दिले तर ३७,०००. या दीड हजारांच्या फरकाला व्याज म्हणायचं नाही एवढाच त्या योजनेचा अर्थ. वर प्रक्रिया शुल्क वेगळं. मामांनी रोख दिले. त्या ३७,००० मध्ये तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे आठ हजारांवर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर १८ टक्के झाला. तोच एसी त्या दराने साधारण २,९०० रुपयांनी स्वस्त पडला असता. पण बाळंतपण कराच्या तारखा बघून येत नाही.

मीटरपासून खोलीपर्यंत

यंत्र घरी आलं, खोक्यातच ठेवलं, कारण आधी वायरिंग तपासायचं होतं.

मीटरखाली अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. एकात फ्यूजवायरच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली. मामा म्हणाले, सारखी उडायची म्हणून वायरमनने घातली. पुढे भिंतीतली वायर ॲल्युमिनियमची, जोड टेपने गुंडाळलेले. आणि अर्थिंग? एक हिरवी वायर बोअरच्या केसिंग पाइपाला गुंडाळलेली, तिच्यावर गंज. मी फेज आणि अर्थच्या मध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून पाहिला. फेज-न्यूट्रलवर लख्ख पेटणारा बल्ब अर्थवर लावला की तार जेमतेम लालसर व्हायची. म्हणजे घरात अर्थिंग नव्हतंच. फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात ही मामींची तक्रार जुनी होती, आणि तिला घरात सगळे 'पायात चप्पल घालत जा' असं उत्तर देत होते.

अशा घरात एसी लावून देणारे लोक आहेत. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण भारावर सात-आठ अँपिअर घेतो, गीझरपेक्षा कमी, त्यामुळे जुन्या पॉवर सॉकेटवर तो चालतोही. चालतो, म्हणूनच कुणी पुढचं बघत नाही. पण गीझर वीस मिनिटं चालतो, एसी रात्रभर. ॲल्युमिनियमचा सैल जोड आठ अँपिअर आठ तास सोसत राहिला की तो तापतो, तापला की आणखी सैल होतो. आणि त्या खोलीत बाळ झोपणार.

मीटरपासून खोलीपर्यंत चार एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली. खरं तर अडीच एमएम पुरली असती. चार घातली ती संध्याकाळच्या व्होल्टेजसाठी. रात्री आठला मीटरवर १८२ व्होल्ट दिसत होते, पहाटे तीनला २२८. इन्व्हर्टर एसी व्होल्टेज कमी झालं की तेवढंच काम करायला करंट जास्त ओढतो. वायर बारीक असेल तर त्यात आणखी व्होल्ट मरतात. डबल पोल एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी, वेगळा बॉक्स, मजुरीसह ७,५००.

अर्थिंगचा खड्डा अंगणात, तुळशीपासून लांब. खारपाणपट्ट्यात अर्थिंगची एक गंमत आहे. खारी माती वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे खड्डा नवा असताना मीटर सुंदर आकडा दाखवतं. पण तीच माती जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) पाइप काही वर्षांत खाऊन टाकते. वर काळी माती मेमध्ये हातभर खोल भेगाळते आणि इलेक्ट्रोडला सोडून बाजूला सरकते. ज्या महिन्यात एसी सगळ्यात जास्त चालणार, त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात कच्चं. म्हणून तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची भुकटी, वर झाकणाचा चेंबर, आणि मामींना काम की उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तिथे बादलीभर पाणी ओतायचं. खारं चालतं, उलट चांगलंच. ५,५०० रुपये. मामांना या आकड्याचं फार वाईट वाटलं, कारण यातलं काहीच दिसत नाही. पण त्या दिवसापासून फ्रिजच्या मुंग्या बंद झाल्या आणि मामींनी हा खर्च मनापासून मान्य केला.

मंजूर भार एक किलोवॉटचा होता, तो तीनचा करून घेतला. अर्ज आणि आकार मिळून १,२००. बरेच लोक हे करत नाहीत. करावं. नवं मीटर कमाल मागणी नोंदवतं, आणि गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, किती भार आहे याचा कागदोपत्री हिशेब अशा अर्जांवरूनच होतो. गल्लीत सात एसी आणि कागदावर सगळी घरं एक-एक किलोवॉटची, मग डीपी उडाला की दोष कुणाचा?

स्टॅबिलायझर. कंपनी म्हणते आमच्या एसीला लागत नाही, कमी व्होल्टेजवरही चालतो. कमी व्होल्टेजबद्दल कंपनीचं म्हणणं बरोबर आहे. छोट्या गावात भीती वेगळी असते. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की एका घरात दीडशे व्होल्ट येतात आणि शेजारच्या घरात साडेतीनशे. तेव्हा टीव्ही, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स एका दमात जातात, आणि एसीचा सर्किट बोर्ड जातो तो आठ-दहा हजारांचा. जास्त व्होल्टेजला ताबडतोब पुरवठा तोडणारा आणि लाइन आल्यावर तीन मिनिटं थांबून चालू करणारा स्टॅबिलायझर म्हणून घेतला. ४,२०० रुपये. मेच्या शेवटच्या आठवड्यात डीपी उडाला, लाइन दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती उड्या मारत. स्टॅबिलायझर चारदा तुटला, चारदा लागला. शेजाऱ्यांचा टीव्ही त्याच दुपारी गेला.

मिस्त्री अकोल्याहून

कंपनीचा माणूस दर्यापुरात नाही. तो अकोल्याहून येतो, आणि अशी चार-पाच कामं जमल्याशिवाय येत नाही. तेव्हा तारखेसाठी दुकानदाराला फोन करत राहायचं. दुकानदाराने आपला ओळखीचा पोरगा पाठवण्याची तयारी दाखवली होती, 'सातशेत लावून देतो'. मी नको म्हटलं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्याकडे व्हॅक्यूम पंप नव्हता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण छोट्या गावात एसी मरतात ते इथे. आतलं आणि बाहेरचं युनिट तांब्याच्या नळीने जोडलं की नळीत हवा आणि दमटपणा उरतो. तो पंपाने खेचून काढायचा असतो. पंप नसलेला मिस्त्री युनिटातला थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलतो आणि नट आवळतो. एसी लगेच गार हवा देतो, मिस्त्री पैसे घेऊन जातो. आत राहिलेलं पाणी काँप्रेसरच्या तेलात मिसळून हळूहळू आपलं काम करतं, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कळतं. हल्लीचा आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, तो असा खोलीत सोडणं तसंही बरं नाही.

अकोल्याचा मिस्त्री आला तेव्हा मी आधी त्याची पिशवी पाहिली. पंप होता. नळीची टोकं फुलवून नट बसवले, टॉर्क पाना वापरला, पंप लावला आणि गेज तळाला गेल्यावर चहा मागितला. वीस मिनिटांनी पंप बंद करून पुन्हा दहा मिनिटं काटा हलतो का ते बघत बसला. काटा जागचा हलला नाही. मग गॅस सोडला आणि जोडांवर साबणाचा फेस लावून पाहिला. असा मिस्त्री मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवावा, दिवाळीला फराळ पाठवावा.

बाहेरचं युनिट कुठे, यावर वाद झाला. मिस्त्रीला ते गच्चीवर हवं होतं. सोपं काम. पण मेच्या दुपारी गच्चीवरची हवा आधीच भाजून निघालेली असते, आणि युनिटाने खोलीतली उष्णता त्याच हवेत टाकायची. बाजूच्या बोळात लावावं तर बोळ तीन फुटांचा, बाहेर टाकलेली गरम हवा शेजारच्या भिंतीवर आपटून पुन्हा युनिटातच. शेवटी उत्तरेच्या भिंतीला, सज्जाच्या सावलीत. त्यासाठी कंपनीच्या तीन मीटरच्या नळीत अडीच मीटरची भर पडली, मीटरला ८५० प्रमाणे २,१२५. ॲल्युमिनियमची नळी स्वस्त होती. ती घेतली नाही, कारण इथल्या हवेत नि मातीत ॲल्युमिनियमचं काय होतं ते मीटरखाली पाहिलंच होतं.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, याच्यातून पाणी कुठे पडतं आहे? बिघडला वाटतं. एसीच्या ड्रेन पाइपातून बादली भरते हे त्यांनी मुंबईत लेकीकडे पाहिलेलं. आमच्या मेच्या हवेत पाणीच नाही तर पडणार काय? जुलैमध्ये बादली भरायला लागली. ते पाणी मामा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघाले होते, त्यांना थांबवलं. कॉइलवरून येताना ते धूळ आणि धातू घेऊन येतं. झाडांना घालावं.

स्लॅब

पहिल्या रात्री एसी २४ वर ठेवून खोली २९ च्या खाली येईना. रात्रीचे दहा वाजलेले. मामांचा चेहरा पडला. यंत्रात काही दोष नव्हता. दुपारी तापलेला पाच इंची स्लॅब त्याची उष्णता चार-पाच तासांनी खाली सोडतो, म्हणजे दुपारचं ऊन रात्री खोलीत उतरतं. तापमापी बंदूक छताकडे धरली तर नऊ वाजता ४३ अंश. एसी सगळी ताकद छताशी भांडण्यात घालवत होता.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चुना, पांढरं सिमेंट आणि फेविकॉल यांचे दोन हात दिले, खोलीवरच्या आणि शेजारच्या भागावर मिळून. सामान आणि मजुरी २,२००. आठवड्याने त्याच वेळी तेच छत ३८ अंश. खोली साडेदहापर्यंत २६ वर येऊन एसीचा आवाज मंद व्हायला लागला. सगळ्या ६४ हजारांत सगळ्यात जास्त काम केलं ते या बावीसशेंनी, आणि हे कुठल्याच एसीच्या दुकानात मिळत नाही. पावसाने चुना धुऊन जातो, दर वर्षी द्यावा लागेल. उष्णता परतवणारे तयार रंग जास्त टिकतात आणि कितीतरी महाग पडतात. एका खोलीसाठी चुना पुरे.

वरचे झरोके प्लायने बंद केले, खिडकीला जाड पडदा, दाराखाली रबराची पट्टी. कूलरच्या घरांना हवा बाहेर जायला वाट लागते, एसीच्या घराला नको असते. तीस वर्षं कूलरसाठी उघडी ठेवलेली खोली बुजवायला १,३००.

वहीतला जमाखर्च असा:

एसी ३७,०००
लावणी, करासह १,७७०
जादा नळी २,१२५
बाहेरचं स्टँड ९००
भिंतीला भोक, ड्रेन पाइप ६००
स्टॅबिलायझर ४,२००
वायरिंग ७,५००
अर्थिंग ५,५००
भारवाढ १,२००
स्लॅबला चुना २,२००
झरोके, पडदा, पट्ट्या १,३००
एकूण ६४,२९५

यातले वायरिंग, अर्थिंग आणि भारवाढीचे १४,२०० एसीच्या नावावर टाकणं मामांना मान्य नाही. ते म्हणतात हा घराचा खर्च, कधीतरी करायचाच होता. बरोबर आहे. पण एसी आला नसता तर तो कधीच झाला नसता, म्हणून मी तो इथेच धरला.

बिल

२०२४-२५चे महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे होते. पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५, पुढे १६.६४. प्रत्येक युनिटावर १.१७ वहन आकार, महिन्याला १२८ स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन वेगळं, ते इथे सोडून देतो.

आदल्या वर्षीच्या मेमध्ये घराची १९० युनिटं झाली होती. या दरांनी त्याचे २,०२७ रुपये होतात. २०२४च्या मेमध्ये ४३० युनिटं, बिल ५,८६०. युनिटं सव्वादोन पटींनी वाढली आणि बिल जवळजवळ तिप्पट. वाढलेल्या २४० युनिटांचा दर काढला तर एका युनिटाला १६ रुपये पडतात. फ्रिज, पंखे, दिवे हे खालच्या टप्प्यांत बसलेले असतात, एसी येऊन वरच्या टप्प्यात बसतो. म्हणून 'एसी रात्रीला आठ युनिटं खातो, आठ गुणिले सात रुपये' हा दुकानातला हिशेब निम्म्याहून कमी निघतो. अर्थात २४० मधली वीसेक युनिटं बाळ-बाळंतिणीच्या गरम पाण्याची, ती एसीच्या माथी मारणं बरं नाही.

बिल बघून मामांनी रिमोट स्वतःकडे घेतला. २०२०पासून नवे एसी चालू होतात ते २४ वर, आणि मामींना वाटायचं तोच कंपनीने सांगितलेला आकडा. २६ वर ठेवून वरचा पंखा एकवर सोडला तर बाळालाही ते बरं, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एका अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते. दुपारचा एसी बंद, दुपारी बाळंतीण मधल्या खोलीत कूलरपासून लांब. जूनची युनिटं ३२० झाली, बिल ३,८५४. मेपेक्षा ११० युनिटं कमी आणि दोन हजार रुपये कमी, कारण कमी झालेली सगळी युनिटं अठरा रुपयांच्या टप्प्यातली होती. मामा शिक्षक, त्यांना हे गणित फार आवडलं. आता ते मीटरवरचा आकडा रोज संध्याकाळी वहीत लिहितात आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला तीनशेपासून किती लांब आहोत ते जाहीर करतात. मामींना याचा वैताग आहे.

एक खर्च पुढच्या वर्षावर गेला. सुरक्षा ठेव दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी लागते, त्यामुळे उन्हाळ्याची मोठी बिलं सरासरीत आली की जादा ठेवीचं वेगळं बिल येतं. मामांच्या बाबतीत हजारभर. पैसे बुडत नाहीत, त्यावर व्याजही मिळतं, पण अचानक आलं की माणूस दचकतो.

देखभालीत इथे एकच गोष्ट शहरापेक्षा वेगळी. बाहेरच्या युनिटावर धूळ आणि कापसाची बारीक रुई बसते, ती पाण्याने धुवावी लागते. हे पाणी बोरचं नको. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियमच्या पात्या झडतात. नळ येईल त्या दिवशी एक बादली बाजूला ठेवायची.

आता मामांच्या डोक्यात सौर पॅनेल आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० रुपयांचं अनुदान मिळतं, आणि दोन किलोवॉट उन्हाळ्यात दिवसाला आठेक युनिटं देतं, म्हणजे महिन्याला बरोबर मेमध्ये वाढलेली २४०. नेट मीटर असेल तर दिवसाचं ऊन रात्रीच्या एसीला वळतं होतं. अनुदानाआधीचं कोटेशन सव्वा लाखाचं आलं आहे. कोटेशनवाल्याला पॅनेल पाण्याच्या टाकीजवळ हवेत, तिथे चढायला सोपं पडतं. मी त्याला म्हटलं, पश्चिमेच्या खोलीवर उभे कर, खाली दोन फूट मोकळी हवा राहील असे, म्हणजे स्लॅबवर सावली पडेल आणि दर वर्षीचा चुनाही वाचेल. जादा लोखंडाचे तो सात हजार मागतो आहे. मामा अजून पाचावर अडून आहेत.